जुनं जाईना, नवं चालेना!

रविवार. सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं. म्हणजे ज्या वेळेला फक्त पेपरवाले, दूधवाले आणि मॅरेथॉनची तयारी करणारे हौशी लोक जागे असतात, ती वेळ. माझा मोबाइल थरथरत थरथरत टेबलावरून खाली उडी मारायच्या बेतात आला, तेव्हा कुठे मी तो उचलला. पलीकडे मामा.

“काय गं, उठली का नाय?”

“उठले.” (धादांत खोटं.)

“तू ते कॉम्प्युटरचंच शिकलीस ना?”

“नाही हो मामा. मास कॉम.”

“तेच म्हणतोय मी. मास कॉम्प्युटर. मग आजच्या आज गावाला ये. इथं लोक मला मापात मारतो म्हणायला लागलेत.”

आता सांगा, यावर काय बोलणार? पाच वर्षं फ्रीलान्स पत्रकारिता करतेय. आईच्या माहेरी अजूनही कुणाला माझा धंदा काय ते कळलेलं नाही. ‘दिवसभर लॅपटॉपसमोर असते’ एवढंच सगळ्यांना माहीत. आणि जो लॅपटॉपसमोर बसतो त्याला प्रिंटर, वायफाय, टीव्हीचा सेट टॉप बॉक्स आणि डेअरीचं सॉफ्टवेअर हे सगळं आलंच पाहिजे, असा आपल्याकडचा अलिखित नियम आहे. तुमच्यापैकी जे बँकेत किंवा एचआरमध्ये आहेत त्यांनाही हा अनुभव असणारच. पण ‘मापात मारतो’ हे शब्द ऐकून मात्र झोप उडाली. मामांची डेअरी आहे. डेअरीवाल्याला हे म्हणणं म्हणजे पत्रकाराला ‘पाकीट घेते’ म्हणण्यासारखं. मी सॅक भरली.

कुठलं पारगाव?

आमचं आजोळ पारगाव. पुण्यात हे सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला. “कुठलं पारगाव?” कारण एक पारगाव जुन्नर तालुक्यात आणि एक आंबेगाव तालुक्यात, दोन्ही पुणे जिल्ह्यातच. कागदोपत्री एक ‘पारगाव तर्फे आळे’ आणि दुसरं ‘पारगाव तर्फे अवसरी बुद्रुक’. आमचं हे दुसरं. भीमाशंकर सहकारी साखर कारखाना जिथे आहे, ते. लहानपणी मला वाटायचं, ‘तर्फे’ म्हणजे ‘च्या वतीने’. जणू आमच्या गावाच्या वतीने अवसरी बुद्रुक बोलतंय. नंतर कळलं की तरफ म्हणजे जुन्या काळातला महसुलाचा विभाग. परगण्याच्या खाली तरफ, तरफेच्या खाली गावं. ती निजामशाही गेली, पेशवाई गेली, इंग्रज आले नि गेले, तालुके आले, जिल्हा परिषद आली. तरफ कधीच संपली. पण सात-बाराच्या उताऱ्यावर ‘तर्फे’ अजून ठाण मांडून बसलेलंच आहे. कुणी काढलंच नाही!

हे आत्ता मुद्दाम सांगतेय. पुढे उपयोगी पडेल.

मंचरला एसटीतून उतरले, तिथून मामेभावाच्या बाइकवर मागे बसून गावात. दोन्ही बाजूंनी ऊस, मधूनच तरकारीचे पट्टे. भाऊ म्हणाला, “ताई, संध्याकाळी एकटी फिरू नको हां.” बिबट्या. आमच्याकडे हा विषय गप्पा मारायचा राहिलेला नाही. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शेजारच्या शिरूर तालुक्यात, पिंपरखेडला दोन लहान मुलं बिबट्याच्या हल्ल्यात गेली. तेव्हापासून सगळ्यांची धडपड एकच, अंधार पडायच्या आत डेअरीला दूध घालून घरी परतायचं. आणि मामांच्या डेअरीवरची रांग गेले दहा दिवस संध्याकाळी अंधार पडला तरी हलत नव्हती. कारण? एक सॉफ्टवेअर.

एका मशीनवर दोन मालक

डेअरीत कधी गेला नसाल तर थोडक्यात सांगते. बाई किटली घेऊन येते. दूध काट्यावर ओततात, वजन कॉम्प्युटरला कळतं. चमचाभर दूध मशीनमध्ये जातं, फॅट आणि एसएनएफ कॉम्प्युटरला कळतं. या दोन आकड्यांवरून दर ठरतो, पावती निघते. पोरगा फक्त खातेनंबर टाकतो. दहा दिवसांच्या वीस पावत्यांची बेरीज म्हणजे ‘दुधाचा पगार’. गावात या पगारावर किराणा येतो, शाळेची व्हॅन येते, मोबाइलचा रिचार्ज होतो. आपल्या सॅलरी स्लिपइतकीच ती पावती सीरियस मामला आहे. पगार आपल्याला महिन्याने, त्यांना दहा दिवसांनी, एवढाच फरक.

मामांकडे बारा वर्षांपूर्वीचं सॉफ्टवेअर होतं. दिसायला मठ्ठ, निळ्या पडद्यावर पिवळी अक्षरं, पण काम चोख. मग सगळंच ऑनलाइन व्हायला लागलं. २०२४ साली राज्य सरकारने गायीच्या दुधाला लिटरमागे पाच रुपये अनुदान दिलं, तेव्हा शेतकऱ्याचं आधार, बँक खातं, जनावराच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर, सगळ्याची जुळणी लागली. बारा वर्षांपूर्वीच्या सॉफ्टवेअरला यातलं काय कळणार? म्हणून मामांनी पैसे मोजून अपग्रेड घेतलं. एक इंजिनीअर पोरगा आला, पेन ड्राइव्ह लावला, वीस मिनिटांत ‘झालं काका’ म्हणून चहा पिऊन गेला. जाताना ‘कॉम्प्युटर स्लो आहे’ म्हणून फुकटात सफाईही करून गेला. ही सफाई लक्षात ठेवा.

झालं काय, तर नवं आलं पण जुनं गेलंच नाही. डेस्कटॉपवर दोन आयकॉन, दोन्ही सारखेच, दोन्हीवर गाय. कॉम्प्युटर चालू झाला की जुनं आपोआप उठायचं आणि काट्याची वायर जिथे जोडली आहे तो पोर्ट धरून बसायचं. पोर्ट एका वेळी एकालाच मिळतो. मग नवं म्हणायचं, ‘पोर्ट उपलब्ध नाही.’ पोरगा ते जुनं बंद करायचा, नवं उघडायचा, गाडी सुरू. तेवढ्यात लाइट जायची. (गाव आहे, लाइट जातेच.) लाइट आली की पुन्हा जुनं हजर. रांग दारापर्यंत, सगळ्यांचं लक्ष उन्हाकडे. पोरगा घाईघाईत समोर जे उघडलेलं दिसेल त्यात नंबर टाकत सुटायचा. म्हणजे काही पावत्या नव्यात, काही जुन्यात. पगाराची बेरीज मात्र फक्त नव्यातली!

आता आला अकरावा दिवस. आमच्या एक आजी आहेत, खरं नाव छापत नाही, कमल म्हणू. एक गाय, सकाळी सहा लिटर, संध्याकाळी सहा लिटर. तीस रुपये दर धरला तर दहा दिवसांचे छत्तीसशे. हातात आले तीन हजार साठ. तीन पावत्या, अठरा लिटर, पाचशे चाळीस रुपये गायब. आजी मामांना एवढंच म्हणाल्या, “आरं, तुझ्या बापाच्या टायमाला असं नव्हतं.”

मामा त्या रात्री जेवले नाहीत, असं मामी म्हणाली.

अनइन्स्टॉल नावाचं नाटक

मी मोठ्या आत्मविश्वासाने खुर्चीत बसले. मागे मामा, मामी, भाऊ, पोरगा आणि गल्लीतली चार मुलं. एवढा ऑडियन्स मला कॉलेजच्या स्ट्रीट प्लेलाही मिळाला नव्हता. कंट्रोल पॅनेल, प्रोग्राम्स, जुनं सॉफ्टवेअर, अनइन्स्टॉल. क्लिक.

‘हा प्रोग्राम सध्या चालू आहे. आधी बंद करा.’

बंद केला. पुन्हा क्लिक. ‘हा प्रोग्राम सध्या चालू आहे.’ टास्क मॅनेजर उघडून त्याचा गळा दाबला. दोन सेकंदांत परत जिवंत. (मागाहून कळलं, एक छुपी सर्व्हिस त्याला उठवत होती.) मी ती सर्व्हिसही बंद केली. आता मेसेज बदलला. ‘मूळ इन्स्टॉलेशन सापडत नाही. सीडी टाका.’

अरे, तुला घालवायचंय, बोलवायचं नाहीये! जायला सीडी कशाला हवी?

सेफ मोडमध्ये गेले. तिथे विंडोजचा इन्स्टॉलरच झोपलेला असतो, त्यामुळे तिथेही नन्नाचा पाढा. सगळा फोल्डर सिलेक्ट करून डिलीट दाबलं. ‘परवानगी नाही.’ माझ्या मामांच्या मशीनवर, माझ्या मामांच्या पैशाने घेतलेल्या सॉफ्टवेअरला काढायला परवानगी नाही! हेल्पलाइनला फोन लावला. चौदा मिनिटं बासरी ऐकली. मग एका मुलीने गोड आवाजात सांगितलं, “मॅम, तुमचं जुनं व्हर्जन सपोर्टमध्ये नाहीये. नव्याबद्दल काही असेल तर सांगा.” म्हटलं, नव्याला जुनं चालू देत नाहीये. ती म्हणाली, “मग तो जुन्याचा प्रॉब्लेम झाला ना, मॅम.” लाजवाब! ऑफिसात एक टीम दुसऱ्या टीमवर ढकलते तेव्हा नेमकं असंच बोलते, नाही?

माझ्या एका मित्राला फोन केला. तो खराखुरा आयटीवाला. त्याने उलगडा केला. सॉफ्टवेअर टाकताना विंडोज त्याच्या इन्स्टॉलरची एक प्रत आपल्या पोटात, एका लपवलेल्या फोल्डरमध्ये ठेवतं. काय काय कुठे कुठे ठेवलं याची ती यादी. काढायची वेळ आली की ही यादी वाचून एकेक वस्तू उचलायची. पण स्लो कॉम्प्युटर फास्ट करायच्या नादात कुणी तो फोल्डर साफ केला, की यादी गेली. मग विंडोज म्हणतं, यादी नाही तर मूळ सीडी दाखव. म्हणजे त्या इंजिनीअर पोराची फुकट सफाई आम्हाला अशी महागात पडली होती.

“फॉरमॅट मार ना,” मित्र म्हणाला. “अर्ध्या तासाचं काम.”

मला तर एकदम पटलं. आपल्या पिढीचं सगळ्यावरचं रामबाण औषधच ते. फोन हँग झाला, फॅक्टरी रीसेट. नोकरी नकोशी झाली, पेपर टाकले. रिलेशनशिपमध्ये वैताग आला, ब्लॉक. मी म्हटलं, मामा, फॉरमॅट मारू या.

मामा एकदम ताठ झाले. “आणि बारा वर्षांचं दूध?”

हे फक्त पारगावात नाही

दुपारी जेवताना मी सगळ्यांना सांगत होते, की हे दुखणं काही पारगावपुरतं नाही. अमेरिकेत १९९८ साली सरकारने मायक्रोसॉफ्टला कोर्टात खेचलं, तेव्हा भांडणाचा एक मोठा मुद्दा हाच होता. इंटरनेट एक्स्प्लोरर विंडोजपासून वेगळा काढता येतो का? कंपनी म्हणत होती, तो विंडोजचाच भाग आहे, काढला तर विंडोज बिघडेल. प्रिन्स्टनचे प्राध्यापक एडवर्ड फेल्टन यांनी तो बाजूला करणारा प्रोग्रामच लिहून दाखवला. कंपनीने उत्तरादाखल कोर्टात व्हिडिओ दाखवला, तर त्यातच विसंगती निघाल्या! पुढे २००५ मध्ये सोनी बीएमजीच्या गाण्यांच्या सीड्या गाजल्या. सीडी कॉम्प्युटरला लावली की कॉपी रोखणारं एक सॉफ्टवेअर गुपचूप आत शिरायचं आणि स्वतःला लपवून ठेवायचं. आरडाओरडा झाल्यावर ते काढायचं टूल दिलं, तर त्या टूलनेच कॉम्प्युटरला नवं भगदाड पाडलं. शेवटी सीड्या बाजारातून परत घ्याव्या लागल्या.

आणि १९ जुलै २०२४ आठवतंय? आपल्यापैकी कित्येकांच्या ऑफिसात त्या शुक्रवारी निळे पडदे आले होते. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीचं एक सदोष अपडेट, आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार जगभरात ८५ लाख मशीन्स आडवी. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटले. ती एक फाइल काढायला बहुतेक ठिकाणी माणसाला प्रत्येक मशीनपाशी जाऊन बसावं लागलं. भाऊ म्हणाला, “मग आपलं एकच हाय, बरं.” भावाला पॉझिटिव्ह थिंकिंगचा क्लास काढायला हरकत नाही.

मोबाइलचंही तेच. नवीन फोन घेतला की किती अॅप्स ‘काढता येणार नाहीत’ या बोलीवरच येतात. २०२५ च्या नोव्हेंबरअखेर दूरसंचार विभागाने ‘संचार साथी’ हे अॅप प्रत्येक नव्या फोनमध्ये घालायचा आदेश कंपन्यांना दिला, तेव्हा देशभर पहिला प्रश्न हाच विचारला गेला, काढता येईल का? पाचच दिवसांत, ३ डिसेंबरला ती सक्ती मागे घेतली. अॅप चांगलं की वाईट हा भाग वेगळा. आपल्या हातातली वस्तू आपल्याला नको असताना काढता येते की नाही, यावर माणसं चिडतात. गॅझेटचा मालक नक्की कोण, असा तो प्रश्न आहे.

मामी शांतपणे भाकरी वाढत होती. म्हणाली, “ते समदं खरं. पण आजींचे पाचशे चाळीस रुपये कुठं गेले ते आधी बघ.”

बबन सी-सी-यूमध्ये

ते तीन दूध जुन्या सॉफ्टवेअरमध्ये जसेच्या तसे सापडले. मी आनंदाने त्या नोंदी नव्यात उचलून टाकल्या आणि दुसरा बॉम्ब फुटला. नव्यात नावंच दिसेनात. देवनागरीच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी!

हे दुखणं आम्हा मराठीत टाइप करणाऱ्यांना चांगलं ठाऊक आहे. संपादक एकीकडे युनिकोड मागतो, दुसरीकडे पान लावणारा जुना फॉन्ट मागतो, आणि मधल्या मधे माझ्या लेखातले सगळे रफार उडून जातात. गोष्ट अशी की मराठी कॉम्प्युटरवर आणायचं काम पुण्यात खूप आधीपासून झालंय. सी-डॅक १९८८ साली पुण्यातच सुरू झालं, मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी पुण्याचीच. १९९१ मध्ये भारतीय लिप्यांसाठी इस्की हे मानकही आलं आणि त्याच वर्षी पहिल्या युनिकोडमध्ये देवनागरीला जागा मिळाली. पण रोजच्या वापरात वर्षानुवर्षं एक जुगाड चालला. कॉम्प्युटरला इंग्रजी अक्षरच द्यायचं, फक्त फॉन्टमध्ये त्या अक्षराच्या जागी मराठी चित्र काढून ठेवायचं. म्हणजे कृतिदेवमध्ये तुम्ही ‘कमल’ लिहिलंत, तर पडद्यावर कमल दिसते, पण कॉम्प्युटरच्या पोटात असतं डी-ई-वाय. फॉन्ट काढला की मुखवटा उतरला, खाली डी-ई-वाय! युनिकोडमध्ये तसं नसतं, तिथे ‘क’ला ‘क’चाच स्वतःचा क्रमांक आहे. विंडोज २००० पासून ही सोय विंडोजमध्ये आली. तिथला तो मंगल फॉन्टही आपल्या र. कृ. जोशींनी केलेला. तरी जुने फॉन्ट जाता जात नाहीत, कारण जुना मजकूर त्यांच्यात अडकलाय.

मामांच्या जुन्या सॉफ्टवेअरचा फॉन्ट असाच मुखवटेवाला निघाला. नव्यात कमलआजी ‘डी-ई-वाय’ झाल्या होत्या. आणि गावातले जेवढे बबन होते ते सगळेच्या सगळे ‘सी-सी-यू’! मी हसून हसून बेजार. “मामा, सगळे बबन सी-सी-यूमध्ये अॅडमिट आहेत!”

मामा हसले नाहीत. हळूच म्हणाले, “आजींना बँकेत दोन वर्षांच्या दुधाचा उतारा द्यायचाय. दुसरी गाय घ्यायचीय त्यांना. उताऱ्यावर नाव हे असलं आलं, तर सायेब काय म्हणंल?”

माझं हसू तिथल्या तिथे थांबलं. अर्ध्या तासापूर्वी मी फॉरमॅट मारायला निघाले होते. आजींची दोन वर्षं, सव्वाशे खात्यांची बारा वर्षं, कुणाची गाय आटली, कुणी म्हैस विकली, कुठल्या दुष्काळात कुणाचं दूध निम्म्यावर आलं, सगळं एका क्लिकमध्ये साफ. आणि वर मी ‘डन!’ म्हणून चहा मागितला असता. ते सॉफ्टवेअर हट्टी नसतं तर माझ्यासारख्या उत्साही बाईने तो डेटा सकाळीच उडवला असता. ज्याला मी दिवसभर शिव्या घातल्या, त्याच्या आडमुठेपणाने आम्हाला वाचवलं होतं. (असले शब्द मी सहसा लिहीत नाही, संपादकांनी कापू नयेत.)

मग काय केलं?

घाई सोडली, हे पहिलं. जुन्या सॉफ्टवेअरचा अख्खा फोल्डर दोन पेन ड्राइव्हवर कॉपी केला. एक मामांकडे, एक माझ्याकडे. त्यातला फॉन्ट वेगळा काढून ठेवला. एकेका खात्याचे उतारे जुन्यातूनच पीडीएफ करून घेतले, म्हणजे फॉन्ट राहो वा जावो, आजींचं नाव आजींचंच राहील. सव्वाशे नावं युनिकोडमध्ये नव्याने टाइप करायला मी आणि मामेभाऊ रात्री साडेअकरापर्यंत बसलो. गावातली नावं टाइप करताना गावाची चांगली ओळख होते, हा एक साइड इफेक्ट. एकाच आडनावाची एकवीस खाती असतात हे कळलं. कोण कुणाशी बोलत नाही हे भाऊ प्रत्येक नावाला फुकटात सांगत होता.

राहिली सीडी. मामी म्हणाली, “ती व्हय? ती तर पेरूला बांधलीय.” परसात गेले तर खरंच! पाखरं पेरू खातात म्हणून ती चकचकीत सीडी सुतळीने झाडाला लटकवलेली. पाखरांपासून पेरू वाचले, पण उन्हापावसात सीडीचं पार वाटोळं झालं होतं. शेवटी भावाने शेजारच्या गावातल्या डेअरीवाल्याकडून तशीच सीडी आणली. त्यांच्याकडेही हेच जुनं सॉफ्टवेअर. ते म्हणाले, “काढायचं जमलं तर आम्हालाही सांगा.”

सीडी टाकली. आणि काढण्यासाठी आधी ते पुन्हा इन्स्टॉल केलं! होय, घालवायचं असेल तर आधी नीट बोलवायचं, मगच ते नीट जातं. यादी परत आली, एकेक वस्तू उचलली गेली, हिरवी पट्टी सरकत सरकत शेवटपर्यंत गेली. ‘यशस्वीरीत्या काढण्यात आले.’ मागच्या चार मुलांनी टाळ्या वाजवल्या. सोमवारी पहाटे लाइट गेली, आली, कॉम्प्युटर उठला. एकच गाय.

आता हिशोब. कुणाच्या किती पावत्या जुन्यात अडकल्या होत्या, ते आकडे तर सापडले. पण लोकांचा विश्वास कसा बसणार? कॉम्प्युटरने एकदा गंडवलंय, आता कॉम्प्युटरच म्हणतोय की हे घ्या उरलेले? इथे मामी आत गेली आणि एक शंभर पानी वही घेऊन आली. अपग्रेड झाल्यापासून रोज दोन वेळा, खातेनंबर, लिटर, फॅट, सगळं निळ्या पेनने लिहिलेलं. मी विचारलं, “तू हे लिहीत होतीस? आणि मग सांगितलं का नाहीस?”

“तुम्ही कुणी इचारलं का?” मामी म्हणाली. “समदी त्या डब्याकडंच तोंड करून बसला व्हता.”

वही आणि कॉम्प्युटर जुळवले. एक-दोन ठिकाणी अर्ध्या लिटरचा फरक, तो मामांनी शेतकऱ्याच्या बाजूने धरला. सोमवारी सकाळीच वही उघडी ठेवून, प्रत्येकाला दाखवून, राहिलेले पैसे दिले. आजींनी पाचशे चाळीस रुपये दोनदा मोजले, कनवटीला लावले आणि मामांना म्हणाल्या, “बरं झालं. मला वाटलंच व्हतं, तू तसा नाय.” मग माझ्याकडे बघून, “ही कोण? कॉम्प्युटरवाली का?”

मी ‘हो’ म्हणाले. आता काय भांडत बसणार?

तुमच्यासाठी

तुमच्या ऑफिसात, घरात किंवा आजोळी हाच प्रसंग आला तर मैत्रिणीच्या नात्याने चार गोष्टी. अपग्रेडच्या आधी जुन्या डेटाची कॉपी घ्या आणि ती दुसऱ्या मशीनवर उघडते का ते बघा. नवं टाकणाऱ्याला चहा द्यायच्या आधी विचारा, “जुनं कसं जाणार?” सफाई करणारी फुकट सॉफ्टवेअर्स आणि फुकट सफाई करणारे इंजिनीअर, दोघांपासून सावध राहा. सीडी, लायसन्स नंबर, पावती एका पाकिटात ठेवा, पेरूच्या झाडाला नको. आणि पगाराचा मामला असेल तर पहिला महिना एक वही ठेवाच.

निघताना मामांनी पिशवीत कांदे, मेथी आणि दोन लिटर दूध दिलं. पावतीसकट! नव्या सॉफ्टवेअरची, युनिकोडमधली, स्वच्छ मराठी पावती. वर डेअरीचा पत्ता छापलेला होता. मु. पो. पारगाव तर्फे अवसरी बुद्रुक.

जुन्यातलं तेवढं राहू दे म्हटलं.

वाकडेवाडीला उतरते न उतरते तोच मामांचा फोन. “अगं, ते नवीन सॉफ्टवेअर म्हणतंय अपडेट आलंय. करू का?”

“मामा,” मी म्हटलं, “आधी मामीला विचारा.”